शेतकी खात्याचे रान

अमेरिकेतल्या फ्लोरिडात, ओकाला नॅशनल फॉरेस्टमधल्या ज्युनिपर स्प्रिंग्ज या झऱ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरलो होतो, तेव्हा कुठूनतरी दूरवरून धम्म असा आवाज आला. तो कानांपेक्षा छातीला आधी जाणवला. आई काठाच्या दगडी कठड्यावर पाय सोडून बसली होती. तिने पदर सावरला, आवाजाच्या दिशेला बघितले आणि विचारले, "सुरुंग लावतात का रे इथे?" मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची वर्षानुवर्षे चाललेली कामे घराच्या पडवीतून ऐकलेल्या बाईला दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते. मी उत्तर देईपर्यंत दुसरा आवाज झाला, मग जरा अंतराने तिसरा. भोवतालच्या झाडांतून एकही पक्षी उडाला नाही. फुगवलेल्या चाकात बसलेली मुले चाकात बसूनच राहिली, कोळशाच्या शेगडीवर मांस परतणाऱ्या माणसाचा चिमटा क्षणभरही थांबला नाही, आणि माझ्या शेजारी पाण्यात उभा असलेला एक वयस्कर गृहस्थ माझा चेहरा पाहून, पाऊस येईल असे सांगावे तितक्या सहजपणे म्हणाला, "नेव्ही आहे. बॉम्बचा सराव चाललाय." एवढे बोलून त्याने पुन्हा पाण्यात बुडी मारली.

एकाचीही मान वर झाली नाही, हे मला पुढे बरेच दिवस खटकत राहिले.

ओकाला नॅशनल फॉरेस्ट आमच्या ऑर्लँडोच्या घरापासून दीडेक तासाच्या अंतरावर आहे. फ्लोरिडा म्हटल्यावर आपल्याकडच्या पाहुण्यांना समुद्रकिनारा आणि डिस्ने हेच दिसते, आणि एवढ्या उष्ण, दमट प्रदेशात रान असेल तर ते आंबोलीसारखे घनदाट, वेलींनी गच्च, पावसाने काळेभोर असेल अशी त्यांची कल्पना असते. आईचीही तीच होती. प्रत्यक्षात हा उपोष्ण पट्टा आहे; ओकाला साधारण दिल्लीच्या अक्षांशावर येते. उन्हाळ्यात रोज दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडतात, तासभर कोसळून पुन्हा ऊन पडते. हिवाळा मात्र कोरडा असतो आणि एखाद्या पहाटे गवतावर दहिवराऐवजी बर्फाची पांढरी साय दिसते. पाऊस भरपूर पडतो, पण जमीन शुद्ध वाळूची. फार पूर्वी समुद्राने सोडलेली ही वाळू. पाणी तिच्यावर थांबतच नाही, सरळ खाली चुनखडकात उतरते. त्यामुळे इतक्या पावसातही वरचे रान एखाद्या दुष्काळी मुलखासारखे काटक आणि खुरटे झालेले आहे. सेंट जॉन्स आणि ओक्लावाहा या दोन नद्यांच्या मध्ये दीड हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या प्रदेशावर हे पसरले आहे, आणि त्यातला बराचसा भाग या खुरट्या रानाचा, इथल्या भाषेत 'स्क्रब'चा आहे.

गाडीतून उतरल्यावर आईने चहूकडे पाहिले आणि म्हणाली, "हे रान? सगळी झाडं एका मापाची." तिच्या बोलण्यात तथ्य होते. पायाखाली पांढरी वाळू, तिच्यावर कुरकुरीत, राखाडी-हिरव्या दगडफुलाचे गोळे; खांद्याइतके ओक, पण त्यांची पाने आपल्या करवंदाच्या पानाएवढी, चामड्यासारखी जाड आणि पाण्याची वाफ वाचवण्यासाठी कडा आत वळवून घेतलेली; अधूनमधून करवतीसारख्या दातेरी देठांचे बुटके पाल्मेटो ताड; आणि या सगळ्यांच्या वर, एकाच दिवशी शाळेत नाव घातल्यासारखे एका उंचीचे सँड पाइन. उन्हाने तापलेल्या राळेचा वास नाकात बसत होता. सह्याद्रीत रान म्हणजे अंधार, ओल, जळवा आणि वर कुठेतरी ओरडणारा शेकरू. इथे ऊन थेट जमिनीपर्यंत येत होते आणि आपली सावली सोडून दुसरी सावली शोधावी लागत होती.

हे जंगल १९०८ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जाहीर केले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या राष्ट्रीय जंगलांत ते सर्वांत जुने मानले जाते. मला कुतूहल वाटले ते याचे, की नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी घराणी आहेत. पार्क इंटिरियर डिपार्टमेंटकडे, म्हणजे देशाच्या जमिनी आणि निसर्गसंपत्ती सांभाळणाऱ्या खात्याकडे असतात, तिथे निसर्ग जपणे हा मुख्य उद्देश असतो. जंगले मात्र कृषिखात्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत शेतकी खात्याकडे. १९६० च्या कायद्याने या जंगलांचे पाच उपयोग एका रांगेत लिहून ठेवले आहेत: मोकळ्या हवेतली करमणूक, चराई, लाकूड, पाणलोट आणि वन्यजीव. म्हणजे मी गळ्याइतक्या पाण्यात उभा होतो तो कुणाची नजर चुकवून नव्हे, की कुणाच्या मेहेरबानीनेही नव्हे. माझे डुंबणे हा त्या जमिनीच्या कायदेशीर पिकांपैकी एक होता.

आमच्या गावाकडे रान दोनच प्रकारचे होते. एक देवराई, जिथली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, आणि आणलीच तर घरातल्या कुणाचे तरी दुखणे निघणार हे ठरलेले. दुसरे सरकारी राखीव, जिथून मोळी आणताना पाठीमागून कुणाची हाक येते का याकडे कान ठेवायचा. आईने लग्नाआधी अशा मोळ्या वाहिल्या आहेत. एकदा रखवालदाराने तिच्या थोरल्या बहिणीची कोयती काढून घेतली होती आणि ती कोयती परत मिळवण्यासाठी आजोबांना कुठे कुठे जावे लागले याची कथा आमच्या घरात अजून सांगितली जाते. रानात देवाला जायचे, लाकडाला जायचे, गुरांमागे जायचे. पण रानात नुसते मजा करायला जायचे, गाडीत खुर्च्या आणि बर्फाची पेटी घालून जायचे, हे तिच्या हिशेबात कुठेच बसत नव्हते. प्रवेशाच्या खिडकीवर मी पैसे भरले तेव्हा तिने विचारले, "लाकूडफाटा नाही न्यायचा, तर पैसे कशाचे?"

पैसे बहुधा त्या पाण्याचे असावेत. ज्युनिपरचे पाणी बारा महिने बावीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ऑगस्टच्या दुपारी त्यात पाऊल टाकले की श्वास अडतो आणि जानेवारीच्या सकाळी त्यावरून वाफ निघते. पाणी तेच, आपले अंग बदललेले. कुंड दगडांनी बांधून काढलेले आहे आणि त्याच्या सांडव्यावर लाकडी पाणचक्कीचे एक घर आहे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत बेकार तरुणांना सरकारने जंगलांतून कामे दिली, त्या मुलांनी हे बांधले. आपल्याकडच्या बहात्तरच्या दुष्काळातली खडी आणि पाझर तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या दगडांची जात लगेच ओळखू येईल: सरकारी हजेरीपटावरची, पण मन लावून केलेली. त्या चाकावर पूर्वी तंबूंच्या तळावरच्या दिव्यांपुरती वीज तयार होत असे. आता ते चाक नुसतेच सावकाश फिरते आणि मुले त्याच्यासमोर फोटो काढून घेतात.

कुंडापासून थोडे चालले की फर्न हॅमॉक नावाची दुसरी झऱ्यांची जागा लागते. तिथे पाण्यात उतरायला मनाई आहे, आणि ती मनाई किती योग्य आहे हे लाकडी पुलावर दोन मिनिटे ओणवे राहिले की पटते. तळ निळसर पांढरा. त्या तळात ठिकठिकाणी वाळू उकळत असते. पाण्याला उष्णता नाही, तरी वाळूचा एक गोल घुमट फुगतो, मधोमध फुटतो, कण वर उडतात, कडेने हळूच खाली उतरतात आणि पुन्हा मधे ओढले जातात. बाजूचा एखादा घुमट मधेच विझतो आणि हातभर अंतरावर दुसरा जागा होतो. काळ्या डोळ्यांचे बोटाएवढे मासे या कारंज्यांच्या काठावर प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभे असतात. बहुधा वाळूबरोबर उडणारे काहीबाही टिपत असावेत. वरच्या कोरड्या स्क्रबमध्ये वाळूने गिळलेला पाऊस, किती वर्षांनी कोण जाणे, इथे बाहेर येतो. आई त्या पुलावर इतका वेळ उभी राहिली की मागच्या लोकांना वाट काढून जावे लागले. "पाताळगंगा," एवढेच ती म्हणाली, आणि सवयीने चप्पल काढून बाजूला ठेवली.

या झऱ्यातून जो ओढा निघतो त्यावरून अकराएक किलोमीटर कनू वल्हवत जाता येते. तो भाग १९८४ पासून जंगलातल्या जंगलासारखा राखून ठेवलेला आहे. तिथे मोटार नाही, रस्ता नाही आणि एकदा वापरून फेकायच्या कोणत्याही वेष्टनाला परवानगी नाही. काठावरची कर्मचारी मुलगी प्रत्येकाची पेटी उघडून पाहत होती. आमच्यापुढच्या कुटुंबाचे चिप्सचे पुडे, पाण्याच्या पातळ बाटल्या, कागदी ताटल्या असे सगळे गाडीत परत गेले आणि मुलांची तोंडे पडली. आमची पाळी आली. आईने दिलेला चार पुडांचा स्टीलचा डबा त्या मुलीने उघडला: वरच्या पुडात थालीपीठे, मग दही, मग शेंगदाण्याची चटणी, खाली गुळाच्या पोळ्या. तिने चारही पुडे पुन्हा नीट एकावर एक बसवली, कडी लावली आणि हसून म्हणाली की हा डबा कुठे मिळतो ते सांगाल का. इथे आल्यापासून ऑफिसच्या मायक्रोवेव्हपुढे ज्या डब्याचा मला संकोच वाटत आला, त्याची ही तपासणी मी जरा जास्तच ताठ मानेने उभे राहून पाहिली, हे कबूल करायला हरकत नाही.

ओढ्याबद्दल फार लिहीत नाही. पहिला तासभर तो इतका अरुंद आहे की वल्हे मारण्यापेक्षा आडव्या झालेल्या ताडांच्या खोडांखालून डोके वाचवणे हेच काम असते. पुढे तो रुंदावतो, ऊन लागते, आणि एखाद्या वळणावर मगर ऊन खात पडलेली दिसते. आपण तिच्याकडे बघत बघत काठाला थडकतो आणि ती मात्र हलतही नाही.

आईला खरा रस वाटला तो परतीच्या वाटेवर. रस्त्याच्या कडेला फलक होता की पुढे मुद्दाम लावलेली आग आहे, घाबरून दूरध्वनी करू नये. काचा बंद असूनही वास आत आला आणि आई एकदम सरळ बसली. "राब भाजतायत," ती म्हणाली. कोकणात मे महिन्याच्या आधी भाताच्या तरव्याच्या जागेवर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळ, शेण, गवत आणि माती यांचे थर घालून पेटवतात, त्याचाच तो वास होता: ओला पाला, माती आणि थोडीशी राळ. मी गाडी थांबवली. पिवळ्या सदऱ्यांतली माणसे हातात ठिबकत्या विस्तवाचे डबे घेऊन एका रेषेत चालत होती आणि त्यांच्यामागे गुडघाभर उंचीची ज्वाळ गवत खात संथपणे सरकत होती. उंच लाँगलीफ पाइनची खोडे तळाशी काळी पडत होती, एवढेच. या झाडाचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखेच जमिनीलगत राहते. मधला कोंब लांब सुयांच्या आत झाकलेला असतो, बाहेरच्या सुया जळतात आणि कोंब वाचतो. दर काही वर्षांनी आग आली नाही तर दुसरी झाडे वाढून त्याचा प्रकाश अडवतात. वणवा म्हटला की आपल्याकडे फक्त नासाडी आठवते, आणि सह्याद्रीच्या उतारांवर तो बहुतेक वेळा नासाडीच असतो. इथे मात्र हे रान आगीवाचून मरते.

सँड पाइनची गोष्ट याहून बिकट आहे. त्याची फळे राळेने चिकटून बंद राहतात आणि मोठ्या आगीच्या उष्णतेनेच उघडतात. म्हणजे आधी आईबापांनी जळून जायचे, मग बियांनी मोकळ्या वाळूत रुजायचे. सगळी झाडे एका मापाची का, याचे उत्तर तेच. पण ही आग गुडघाभर नसते, शेंड्यावरून धावणारी असते. १९३५ च्या वसंतात या स्क्रबमधल्या एका वणव्याने चार तासांत पस्तीस हजार एकर रान खाल्ले. आजूबाजूला वस्ती असताना असली आग कुणी हौसेने लावणार नाही. म्हणून वनखाते आगीचे काम करवतीकडून करून घेते. सँड पाइनचे पट्टेच्या पट्टे सपाट तोडायचे, लाकूड कागदाच्या लगद्यासाठी विकायचे आणि जमीन उघडी सोडायची.

असा एक ताजा पट्टा आम्हाला लागला. खोडक्या, चिरडलेल्या फांद्या, यंत्रांच्या पट्ट्यांनी उकरलेली वाळू. "उघडंबोडकं केलंय," आई म्हणाली, आणि मलाही दुसरा शब्द सुचला नाही. मात्र त्याच रस्त्यावर थोडे पुढे, काही वर्षांपूर्वी असाच तोडलेला पट्टा होता. तिथे ओक कमरेएवढे वर आले होते आणि त्यांच्या शेंड्यावर एक निळा पक्षी पहाऱ्यावर बसला होता. फ्लोरिडा स्क्रब-जे. फ्लोरिडाबाहेर जगात कुठेही न आढळणारी ही पक्ष्याची एकमेव जात. निळे डोके, राखाडी पाठ, डोळ्यावर पुसट पांढरी भुवई. त्याच्या पायाखालच्या झुडपांत बाकीचे खुडबुड करत होते. एकाने ओकचे फळ चोचीत धरले, वाळूत दोन-तीनदा ठोसून पुरले, वर एक सुकलेले पान ठेवले, मान वाकडी करून ते पान तपासले आणि मग जरा सरकवून पुन्हा ठेवले. एकेक पक्षी हंगामात अशी हजारो फळे पुरतो. पिल्ले मोठी झाली तरी लगेच वेगळी होत नाहीत. आईबापांच्या पुढच्या विणीला चारा भरवायला वर्ष-दोन वर्षे घरीच राहतात. हे सांगितल्यावर आईने माझ्याकडे नुसते पाहिले. मी विषय बदलला.

या पक्ष्याला उंच झाडी चालत नाही. ओक डोक्यावर गेले, पाइनची सावली पडली की ही कुटुंबे ती जागा सोडतात. १९८७ पासून तो धोक्यातील जातींच्या सरकारी यादीत आहे, कारण अशी कोरडी, उंचावरची, वाळूची जमीन घरांना आणि संत्र्यांच्या बागांनाही तितकीच आवडते. तेव्हा इथे करवत थांबली तर पक्षी जातो. आयुष्यभर 'झाडे लावा, झाडे जगवा' वाचून मोठ्या झालेल्या माणसाला हे गिळायला वेळ लागतो, आणि करवतीच्या मागे लगद्याचा बाजारही उभा आहे हे दिसत असल्यामुळे तर अधिकच. पण पटते. पक्षी तिथे बसलेला असतो, आणि न तोडलेल्या दाट पट्ट्यात तो नसतो.

बॉम्बचे मात्र मला अजून पटलेले नाही. या जंगलाच्या आत पाइनकॅसल नावाचे सरावाचे मैदान आहे. दुसऱ्या महायुद्धापासून नौदलाची विमाने तिथे बॉम्ब टाकायला येतात, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खऱ्या स्फोटकांनी असा सराव करण्याची नौदलाची ती एकच जागा आहे असे सांगतात. १९६० च्या त्या पाच उपयोगांच्या यादीत तो कुठेच नाही, पण यादीतल्या कुठल्याही उपयोगापेक्षा त्याचा आवाज मोठा आहे. इथे राहणारे लोक सरावाच्या वेळापत्रकाकडे भरती-ओहोटीसारखे बघतात; तंबू कुठे ठोकायचा ते त्यावरून ठरवतात. अस्वल अन्नाला लागू नये म्हणून पेट्यांना कुलपे लावतात, शिकारीच्या हंगामात केशरी जाकिटे घालतात, धुराच्या दिवशी दुसऱ्या वाटेने जातात, आणि बॉम्ब पडत असताना पोहतात. त्या दिवशी रात्री घरी भांडी पुसता पुसता आईने विचारले, "सराव म्हणजे पुढे कुणावर तरी टाकायचेच ना?" मी भरतो त्या करांतून, आणि अगदी सरळ बोलायचे तर मला इथे राहण्याचा परवाना देणाऱ्या देशाच्या भरभराटीतून, हे सगळे चालते, यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी तिला नौदलाचा तळ जॅक्सनव्हिलला आहे वगैरे माहिती देत बसलो. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि ओले फडके खिडकीत वाळत घातले.

तरीही मी तिथे जातो. राग येऊन जाणे बंद करावे असे एकदा वाटले होते, पण मग करवत आणि आग मान्य करून फक्त बॉम्बवर रुसणे, तेही दुसऱ्याच्या देशातल्या थंडगार झऱ्यात उभे राहून, हे जरा सोयीचे वाटू लागले. मागे एकदा पाण्यात एक नवखे जोडपे होते, बहुधा तेलुगू. धम्म झाले तेव्हा दोघांनी दचकून माझ्याकडे पाहिले. मी त्यांना काय आहे ते सांगितले, आणि सांगून झाल्यावर बुडी न मारता तिथेच उभा राहिलो. त्यांना पुढचे विचारायचे असेल तर विचारता यावे म्हणून. त्यांनी विचारले: रोज असते का, किती लांब, अस्वले घाबरत नाहीत का. अस्वलांचे मला माहीत नव्हते. बराच वेळ आम्ही बोलत राहिलो. त्या मुलीने शेवटपर्यंत पाण्यात डोके बुडवले नाही.

आई येत्या हिवाळ्यात पुन्हा यायचे म्हणते. तिला तो तोडलेला पट्टा बघायचा आहे, काही उगवले का ते. मी मधे जाऊन आलो: ओकांना बुडापासून धुमारे फुटले आहेत, वीतभर, आणि वाळूत पाइनची रोपे सुईदोऱ्यातल्या सुईएवढी. स्क्रब-जे अर्थातच नाही. त्याला अजून काही वर्षे लागतील. ती येईल तेव्हा हरणांच्या शिकारीचा हंगाम चालू असेल, म्हणून भडक केशरी जाकीट घालावे लागेल असे मी तिला फोनवर सांगितले. ते साडीवर घातले तर चालेल का, असे तिने विचारले. चालेल म्हटले. मग म्हणाली, दुकानातून आणू नकोस, महामार्गाच्या कामावरच्या पोरांकडे असतात तसली, इथे बाजारात शंभर-दीडशेला मिळतात, दोन घेऊन येते.